एक नग, अकरा हजार वर्षं

माणसानं खरं बोलावं, पण फॉर्मवर बोलू नये, हे भावीला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सांगणारे पुष्कळ होते. शेजारचे काका तर रोज सकाळी जिन्यात उभं राहून काही ना काही सांगतच असत. पण नेमकं हे सांगायचं राहून गेलं.

भावी हे काही त्याचं नाव नव्हे. सात वर्षांपूर्वी त्यानं पीएचडीला नाव घातलं, तेव्हा इमारतीतले लोक कौतुकानं त्याला 'भावी डॉक्टर' म्हणू लागले. पहिली दोन वर्षं पूर्ण म्हणत. तिसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या आजींनी त्याला गुडघा दाखवला, आपण त्यातले नव्हे असं तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून 'डॉक्टर' गळून नुसतं 'भावी' उरलं. बायकोसुद्धा रागावली की भावीच म्हणे, आणि गेली दोन वर्षं ती बहुतेक वेळा रागावलेलीच असे. ती शाळेत गणित शिकवायची. तिच्या वर्गातली मुलं एव्हाना पाचवीतून बारावीत गेली होती आणि नवरा होता तिथेच होता.

भावीचं काम म्हणजे अणुकेंद्रकांची गणितं करणं. अणूच्या पोटात जे केंद्रक असतं, त्यातलं एक अतिशय लठ्ठ केंद्रक त्यानं निवडलं होतं. सुमारे तीनशे कण एकमेकांना धरून बसलेले. असं केंद्रक जगात कुठल्याही प्रयोगशाळेत अजून कुणी बनवलेलं नव्हतं. उद्या कुणी बनवलंच तर ते किती वेळ टिकेल, हे तो कॉम्प्युटरवर मोजत होता. जन्माला न आलेल्या मुलाचं आयुष्य सात वर्षं मोजतोय, असं त्याची बायको माहेरी सांगे. हे वर्णन अचूक असल्यामुळे भावीला त्यावर रागावताही येत नसे.

विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला त्याची खोली होती. एक टेबल, एक खुर्ची, थपडा मारल्याशिवाय ज्याचा पंखा फिरत नसे असा एक कॉम्प्युटर आणि 'पुसू नये' असं लिहिलेला फळा. त्या फळ्यावरचं समीकरण चार वर्षांपूर्वीच चुकीचं ठरलं होतं, पण पुसू नये म्हटल्यावर पुसणार कोण? या खोलीत भावीनं सात वर्षांत हाताळलेली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे चहाची विजेची किटली.

शेवटचं मोठं गणित राहिलं होतं. त्याला विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर सलग दोनशे तास हवा होता. ते झालं की प्रबंध, प्रबंध झाला की पदवी, आणि पदवी मिळाली की एका कॉलेजातली अधिव्याख्यात्याची जागा. ती जागा त्याला मिळालेली होती, फक्त वर्षअखेरीआधी पदवीचा दाखला दाखवायचा होता. बारा ठिकाणी नकार पचवल्यानंतर मिळालेली ही जागा होती आणि बायकोनं नव्या गावातली शाळासुद्धा बघून ठेवली होती.

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. ज्या संशोधनाच्या नावात 'अणु' येतो, त्याला आधी सुरक्षा कक्षाची परवानगी लागेल, असा नवा नियम निघाला होता. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा. त्यात चौदावा प्रश्न होता: वापरात असलेल्या पदार्थाचं वजन, ग्रॅममध्ये. भावीनं शून्य लिहिलं. फॉर्मनं ते घेतलं नाही. त्यानं जागा कोरी सोडली. फॉर्म पुढे सरकेना. 'लागू नाही' लिहिलं, तर फक्त आकडे लिहा असं लाल अक्षरात आलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांनी विषय काढला. काका एका खात्यातून निवृत्त झाले होते, आणि तिथे चाळीस वर्षं त्यांनी फक्त फाइली या खोलीतून त्या खोलीत नेल्या होत्या, असं त्यांचे विरोधक म्हणत. काकांनी सल्ला दिला की काहीतरी एक आकडा ठोकून द्यावा, कारण फॉर्म हा भरण्यासाठी असतो, वाचण्यासाठी नसतो. दुसरा एखादा असता तर त्यानं 'एक' लिहिलं असतं आणि चहा प्यायला गेला असता. पण भावी सिद्धांतवाला माणूस. काहीतरी आकडा ठोकायचा, हे ऐकूनच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं विचार केला, आपलं गणित एका केंद्रकाचं आहे. एका केंद्रकाला वजन असतं. ते वजन आपल्याला माहीत आहे. मग तेच लिहू. आणि त्यानं लिहिलं: शून्य, दशांशचिन्ह, मग एकवीस शून्यं, मग पाच. शून्यं त्यानं बोट ठेवून दोनदा मोजली. फॉर्म निमूटपणे पुढे सरकला, आणि आपण खोटंही बोललो नाही आणि अडलंही नाही, या आनंदात भावीनं त्या दिवशी घरी भांडी घासली.

सुरक्षा कक्षात एक बाई होत्या. मनगटावर डझनभर रबरबँड, चष्मा कपाळावर, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघण्याआधी त्याच्या कागदाकडे बघायची सवय. या बाई कॉम्प्युटरवरचा अर्ज मोठ्या नोंदवहीत उतरवून घेत. नोंदवहीत वजनासाठी आठच चौकोन होते. तेवीस आकडे आठ चौकोनांत बसेनात, तेव्हा बाईंनी शाळेत शिकलेलं आठवलं की डावीकडच्या शून्यांना किंमत नसते. त्यांनी ती सगळी काढून टाकली आणि दशांशचिन्ह एकटं कशाला राहील म्हणून तेही काढलं. उरलं पाच. अशा रीतीनं जगात एकही नसलेल्या पदार्थाचे पाच ग्रॅम दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला जमा झाले.

आठवड्याभरात सुरक्षा अधिकारी हजर झाले. डोक्यावर शिरस्त्राण, हातात मोजायचं यंत्र. यंत्र त्यांनी टेबलापासून किटलीपर्यंत सगळीकडे फिरवलं. ते गप्पच राहिलं. खोलीत काहीच नाही, म्हणून ते गप्प आहे, असं भावीनं नम्रपणे सुचवलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं की पदार्थाची साठवण उत्तम असून गळती अजिबात नाही.

मग कपाट आलं. लोखंडी, जाड दाराचं, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली अधिकाऱ्यांकडे, एक भावीकडे. चार माणसांनी ते वर चढवलं आणि ठेवल्यावर लक्षात आलं की आता टेबल मावत नाही. टेबल व्हरांड्यात गेलं. त्यानंतर येणारे जाणारे विद्यार्थी 'स्वच्छतागृह कुठे' हे भावीला विचारू लागले. सात वर्षांत इतक्या लोकांनी त्याला इतक्या आदरानं काही विचारलं नव्हतं.

चौकशीसाठी अधिकारी घरीही येऊन गेले, आणि इमारतीत व्हायचं ते झालं. तळमजल्यावरच्या आजींनी तुळशीसकट सगळ्या कुंड्या मागच्या अंगणात हलवल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी भावीला पाहिलं की लिफ्टऐवजी जिना धरायला सुरुवात केली. इमारतीच्या सभेत ठराव झाला की सभासदांनी कामावरचं केंद्रक घरी आणू नये, आणलंच तर झाकून आणावं. भावी उभा राहून समजावून सांगू लागला की आपल्या सगळ्यांच्या अंगात अब्जावधी केंद्रकं असतात. हे ऐकून सभा तातडीनं संपवण्यात आली.

तो चूक दुरुस्त करायला गेला तेव्हा खरी गंमत कळली. बाई म्हणाल्या, पाचाचं शून्य करता येईल, पण मग पाच ग्रॅम गेले कुठे याची चौकशी लागेल, आणि चौकशी लागली की पोलीस आले. दीड महिना अर्ज इकडून तिकडे फिरले. शेवटी भावीच्या मूळ अर्जातली सगळी शून्यं सापडली, लेखनातली चूक मान्य झाली आणि पाच ग्रॅम खोडून नोंदवहीत दुरुस्ती झाली: 'केंद्रक, एक नग.' याखाली मात्र बाई येईनात.

"तुम्हीच लिहिलंय ना एकाचं वजन?" बाई म्हणाल्या. "मग एक आहे. मी काय मनाचं लिहिते का?"

एक मान्य केल्याबरोबर मोठ्या कॉम्प्युटरची परवानगी तीन दिवसांत आली. दोनशे तास गणित चाललं आणि उत्तर आलं. त्या लठ्ठ केंद्रकाचं अर्धायुष्य अकरा हजार वर्षं. म्हणजे अशी पुष्कळ केंद्रकं घेतली, तर त्यातली निम्मी संपायला अकरा हजार वर्षं लागतील. त्याच्या आसपासची सगळी केंद्रकं डोळ्याचं पातं लवायच्या आत मरतात, आणि हे एवढं चिवट. सर म्हणजे त्याचे गाइड. सात वर्षांत त्यांनी त्याच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवला. निबंध छापून आला. परदेशातून पत्रं आली. सरांनी व्याख्यानांसाठी नवा कोट शिवला आणि त्या व्याख्यानांत 'मी आणि माझा विद्यार्थी' यातला विद्यार्थी हळूहळू आवाज खाली आणून म्हणायला सुरुवात केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक नामांकित परीक्षक आले. त्यांनी चष्मा पुसत विचारलं की हे केंद्रक जगात कुठेच मिळालेलं नाही, तेव्हा हे सगळं हवेतलंच नाही का. हा प्रश्न येणार हे भावीला माहीत होतं आणि त्याचं उत्तर त्यानं तीन महिने घोकलं होतं. पण नियमानुसार हजर असलेले सुरक्षा अधिकारी मागच्या रांगेतून उठले.

"मिळालेलं नाही कसं?" ते म्हणाले. "आमच्याकडे एक आहे."

त्यांनी नोंदवही पुढे केली. परीक्षकांनी नोंद वाचली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग त्यांनी वही सावकाश मिटली आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

पदवीचा कागद हाती यायला एकच गोष्ट राहिली: कुठल्याही विभागाची वस्तू आपल्याकडे राहिलेली नाही, असा दाखला. ग्रंथालयानं दिला. वसतिगृहानं, जिथे तो कधी राहिलाच नव्हता, त्यानंही दिला. सुरक्षा कक्षात बाईंनी वही उघडली आणि केंद्रक परत मागितलं.

ते परत करता येत नाही, असं भावी म्हणाला. मग संपल्याचा पुरावा द्या, असं बाई म्हणाल्या. आणि त्यांनी भावीचाच प्रबंध उघडला. एकशे बाराव्या पानावर त्यांनी खूण घालून ठेवली होती. सात वर्षांत त्याचा प्रबंध इतका बारकाईनं वाचणारा हा पहिलाच माणूस होता. सरांनीही तो इतका वाचला नव्हता.

"इथे अकरा हजार वर्षं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि तेही अर्धंच. म्हणजे पूर्ण संपायला बावीस."

अर्धायुष्याचं गणित असं नसतं, पण ते समजावत बसायला भावीला वेळ नव्हता. वर्षअखेर तीन आठवड्यांवर आली होती. बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पुस्तकात जरा कमी करा ना. पन्नास दिवस करा. दोन महिन्यांत मी फाइल बंद करते, वर कुणी बघत नाही."

भावीचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं बाईंना विज्ञान म्हणजे काय, आकडा म्हणजे काय, आणि आकडा सोयीनं बदलणारा माणूस म्हणजे काय, यावर पंधरा मिनिटांचं भाषण दिलं. रांगेतली माणसं ऐकत उभी राहिली, एकानं टाळीही वाजवली. बाईंनी मनगटावरचा एक रबरबँड काढला आणि फाइलीला लावला. वर्ष संपलं. कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली. बायकोनं नव्या गावातल्या शाळेला 'येत नाही' असं कळवलं आणि त्या आठवड्यात ती भावीला भावीसुद्धा म्हणाली नाही.

मार्ग काढला काकांनी. भावी जिन्यात मान खाली घालून चालला होता, तेव्हा काकांनी त्याला अडवून सगळं विचारून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर इतकी सुंदर फाइल त्यांनी पाहिलेली नव्हती. त्यांचं म्हणणं सोपं होतं. वस्तू आहे, म्हणजे ती सांभाळणारा हवा. सांभाळणारा हवा, म्हणजे पद हवं. पद हवं, म्हणजे त्या वस्तूतला जाणकार हवा, आणि जगात या वस्तूचा जाणकार एकच आहे. काकांनी स्वतः अर्ज लिहून दिला. एकाही वाक्यात कर्ता नव्हता.

तीन महिन्यांत पद मंजूर झालं: केंद्रकपाल. कायम. मुदतीच्या रकान्यात 'वस्तू अस्तित्वात असेपर्यंत'. मग हस्तांतरणाचा समारंभ झाला. 'देणार' या जागी विद्यार्थी म्हणून भावीनं सही केली. मग अधिकाऱ्यांनी त्याला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला यायला सांगितलं आणि 'घेणार' या जागी केंद्रकपाल म्हणून त्यानं दुसरी सही केली आणि कपाटाची दुसरी किल्लीही घेतली. दोन्ही सह्या जुळतात, अशी शंका बाईंनी काढली, पण ती मागे घेतली गेली. दाखला मिळाला, पदवी मिळाली. घरी बायको हसली आणि तिनं त्याला नावानं हाक मारली. ती हाक ऐकून भावीला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

दिवस बरे गेले. टेबल पुन्हा आत आलं, जुनी खोली कपाटाला लहान पडते असं ठरून त्यालाच मोठी खोली मिळाली. रोज सकाळी नोंदवहीत लिहायचं: 'एक नग. जागेवर आहे.' तिमाहीला अधिकारी येत, बंद दारावर यंत्र धरत आणि समाधानानं जात. दार आजवर कुणी उघडलं नव्हतं. उरलेला दिवस रिकामा. आणि रिकामा सिद्धांतवाला काय करणार, तो जुना प्रोग्रॅम उघडून बसला.

त्याला चूक सापडली ती एका मंगळवारी, जेवणाचा डबा उघडता उघडता. केंद्रकातल्या कणांना एकत्र धरणाऱ्या ऊर्जेतलं एक पद त्यानं दोनदा मोजलं होतं. एकदा वरच्या ओळीत आणि एकदा चाळीस ओळी खाली. ते एकदा काढलं आणि गणित पुन्हा चालवलं, तेव्हा अकरा हजार वर्षांचं झालं एक तृतीयांश सेकंद. डबा तसाच राहिला.

तो सरांकडे गेला. सरांनी कागद पाहिला आणि दार लोटलं. मग म्हणाले की असं एकदम काही जाहीर करू नये, एका पारितोषिकाचा निकाल लागायचा आहे, पुढच्या एखाद्या निबंधात तळटीप देता येईल. तो सुरक्षा कक्षात गेला. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे चष्म्यातून नीट पाहिलं.

"म्हणजे वस्तू केव्हाच संपली," त्या म्हणाल्या. "मग तुमचं पदही संपलं. लिहू का तसं? लिहायला मला एक मिनिट लागेल."

भावीनं त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"मी पन्नास दिवस म्हणाले होते, तेव्हा केवढे चिडला होतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. कागद त्यांनी त्याच्या हातात परत दिला.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन हातात तसंच ठेवून ती ऐकत राहिली.

"माझ्या वर्गातलं पोरगं चुकलं तर मी त्याला खोडून परत लिहायला लावते," ती म्हणाली. मग पेनाला टोपण लावत म्हणाली, "पण त्यांना घर नसतं चालवायचं. तुझं तू ठरव. मी दोन्हीपैकी काहीही केलंस तरी रागावणार नाही."

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

सकाळी भावी लवकर विद्यापीठात गेला. एका स्वच्छ कागदावर त्यानं सगळं लिहून काढलं: कुठलं पद दोनदा मोजलं, कुठल्या ओळीत, खरं उत्तर काय. शून्यं मोजावी तशी अक्षरं जपून लिहिली. खाली नाव, तारीख, सही. लिहिताना त्याला आपण अजून तोच आहोत असं वाटलं आणि फार बरं वाटलं. कागदाची घडी घालून तो व्हरांड्यात आला. उजवीकडे कुलगुरूंचं कार्यालय होतं. समोरच्या भिंतीवर छापील निबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. मग तो खोलीत परतला, खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि कपाटाचं दार पहिल्यांदाच उघडलं.

आत नवा रंग आणि थोडी धूळ होती. मधल्या कप्प्यावर त्यानं तो कागद ठेवला, दार लावलं आणि कुलूप ओढून पाहिलं. मग टेबलाशी बसून रोजच्यासारखी नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'एक नग. जागेवर आहे.'

आज ते खरं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली त्यानं सही केली आणि डबा उघडला.